आग्रेत्सुको : हिशेब खात्यातली लाल पांडा आणि तिची किंकाळी

निशिगंधा (धागाकर्ती)

शोधून पाहिलं, 'आग्रेत्सुको'वर इथे एकही धागा सापडला नाही, म्हणून मीच काढते. जपानी ऑफिसातल्या जगण्यावरची ही अ‍ॅनिमेटेड विनोदी मालिका. नेटफ्लिक्सवर एप्रिल २०१८मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२३मध्ये पाचव्या पर्वाने संपली. पहिल्या पर्वाचे भाग दहा, प्रत्येक साधारण पंधरा मिनिटांचा. एका रविवारी सगळं बघून होतं. मला मात्र तेवढ्यालाही तीन आठवडे लागले, कारण मधेच बंद करून ठेवावंसं वाटायचं, इतकं ते जवळचं होतं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. सगळी पात्रं प्राणी आहेत. रेत्सुको ही पंचवीस वर्षांची लाल पांडा, तोक्योतल्या एका व्यापारी कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरीला. तिचे साहेब तोन म्हणजे डुक्कर. दिवसभर ऑफिसात गोल्फच्या काठीने हवेत फटके मारतात आणि सुटायच्या वेळेला फायलींचा गठ्ठा हिच्या टेबलावर आणून ठेवतात. 'चहा आण' हेही ठरलेलं. त्यांच्या हाताखालच्या त्सुबोने बाई म्हणजे कोमोडो ड्रॅगन. बरोबरीने काम करणारे हायदा (तरस) आणि फेन्नेको (वाळवंटी कोल्हीण) हे दोघे मित्र. रेत्सुको सगळ्याला 'हो' म्हणते, मान लववते, आणि अगदीच असह्य झालं की एकटीच कराओकेच्या खोलीत जाऊन डेथ मेटल, म्हणजे घोगऱ्या किंकाळ्यांचं रॉक संगीत, गाते. कपाळावर 'रेत्सु' हे चिन्ह उमटतं, डोळे बदलतात, आणि त्या एवढ्याशा गोड चेहऱ्यातून घोगरा, पोटातला आवाज येतो. मूळ जपानी मालिकेत रेत्सुकोचा नेहमीचा आवाज काओलिपचा आहे आणि हा मेटलचा आवाज खुद्द दिग्दर्शक रारेचो यांनी दिलाय.

हे पात्र सान्रिओचं. म्हणजे हॅलो किटी काढणारी तीच कंपनी. १९७४पासून ज्यांनी जगाला 'गोड' विकलं, त्यांच्याच घरातून ही किंकाळी आली. आधी २०१६ ते २०१८ टीबीएस वाहिनीवर मिनिटभराचे छोटे भाग येत होते, नेटफ्लिक्सची मालिका त्यानंतरची.

आता मला जे म्हणायचंय ते. या मालिकेबद्दल जिथे वाचावं तिथे त्या किंकाळीचंच कौतुक. 'कशी मोकळी होते बघा!' मला वाटतं किंकाळीने रेत्सुकोचं काहीच बदलत नाही. ती रात्री ओरडते म्हणून सकाळी परत वेळेवर हजर होते, हसून चहा देते. ऑफिसला तिच्या त्या ओरडण्याचा फायदाच आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड उघडायचं ते पैसे भरून, बंद खोलीत, एकटीने.

बदलतं कधी? वाशिमी आणि गोरी भेटतात तेव्हा. वाशिमी ही अध्यक्षांची सेक्रेटरी, पक्षीही सेक्रेटरी बर्डच. गोरी ही मार्केटिंगची संचालक, गोरिला. रेत्सुको आधी त्यांना लांबूनच बघते, मान ताठ, चाल डौलदार, आपल्यातल्या वाटतच नाहीत. मग योगाच्या वर्गात ओळख होते आणि कराओकेच्या खोलीत रेत्सुको पहिल्यांदा दुसऱ्या कुणासमोर तो आवाज काढते. त्या दोघी घाबरत नाहीत, हसत नाहीत. ऐकून घेतात. आणि पुढे वाशिमी जाऊन अध्यक्षांच्या कानावर तोनचं वागणं घालते. तिथून गोष्ट हलते. आवाज तोच, पण ऐकणारं कुणीतरी होतं.

माझं सांगते. मी २०१४ साली तोक्योला आले, भाषांतर आणि हिशेब असं मिश्र काम होतं. पहिल्या नोकरीत पाहुणे आले की चहा देणं बायकांकडेच असायचं. मी एकटी परदेशी, तरी त्यातून सूट नाही, कारण 'शिकून घे, इथली पद्धत आहे'. मार्चअखेर आली की केस्सान, म्हणजे वार्षिक हिशेब, आणि साडेसहाला माझ्या टेबलावर पावत्यांचा लिफाफा. पावत्या रबरबँडने बांधलेल्या, तारखा उलटसुलट, निम्म्यांवर हान्को, म्हणजे सहीच्या जागी मारायचा शिक्का, नाही. ज्याच्या त्या असायच्या तो दुपारपासून दिसलेला नसायचा. मी 'हो' म्हणायचे.

घरी जाताना आराकावा नदीच्या काठाने चालायचे. पुलाखाली उभी राहून मोठ्याने मराठीत बोलायचे, जे दिवसभर गिळलं ते सगळं. आसपास सायकलवाले, पळणारे लोक. कुणाला कळत नव्हतं. दीड वर्ष मी हे केलं आणि त्या दीड वर्षात एकदाही लिफाफा परत केला नाही.

मग एका संध्याकाळी आमच्याच ऑफिसातल्या एक वयस्कर बाई मागून चालत आल्या. शब्द कळले नाहीत, पण काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं. काही विचारलं नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी साडेसहाला लिफाफा आला तेव्हा त्या स्वतःच्या टेबलावरून उठल्या, तो उचलला, आणि ज्याचा होता त्याच्या खुर्चीवर नेऊन ठेवला. परत कधी आला नाही.

म्हणून वाशिमी मला खोटी वाटत नाही. तुम्ही पाहिली असेल तर लिहा.

---

खडीसाखर

निशिगंधा, फार छान लिहिलंस. मी पुण्यात जपानी शिकवते आणि वरच्या वर्गाला या मालिकेचे तुकडे दाखवते. पाठ्यपुस्तकात जे जपानी ऑफिस असतं त्यात सगळे एकमेकांना व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देतात आणि विषय संपतो. मुलं तिकडे गेली की त्यांना भेटतो तोन.

नावांत खूप गंमत भरलीय, ती उपशीर्षकांत निसटते. डुकराच्या चिन्हाचा एक उच्चार 'तोन'. 'त्सुबोने' वरून 'ओत्सुबोने', म्हणजे ऑफिसात वर्षानुवर्षं असलेली, नव्या मुलींवर राज्य करणारी ज्येष्ठ बाई. मूळ शब्द राजवाड्यातल्या मानाच्या स्त्रियांसाठीचा. 'रेत्सु' म्हणजे प्रखर, जळजळीत. पूर्ण नाव 'अ‍ॅग्रेसिव्ह रेत्सुको', त्याचा संक्षेप आग्रेत्सुको.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'कोशिकाके'. शब्दशः, टेकायची जागा. बसस्टॉपवर बाकड्यावर टेकतो तसं. लग्न होईपर्यंत नोकरीत टेकलेली मुलगी ती कोशिकाके. तोन रेत्सुकोला हेच म्हणून हिणवतो. इंग्रजी उपशीर्षकांत 'थोड्या दिवसांची पाहुणी' अशा अर्थाचं काहीतरी येतं, त्यात तो डंख राहत नाही. आणि लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडण्याला 'कोतोबुकी ताइशा' असा मंगल शब्द आहे. 'कोतोबुकी' हे आपल्याकडच्या 'शुभमंगल'सारखं. राजीनाम्याला शुभमंगल! समान संधीचा कायदा तिकडे १९८५मध्ये झाला, १९८६पासून लागू. तरी शब्द जिवंत आहेत.

यातली खरी वेदना अशी की रेत्सुकोलाही पहिल्या पर्वात तेच हवं असतं. लग्न करून या सगळ्यातून सुटावं. रेसासुके नावाचा तरुण भेटतो तेव्हा ती त्याच्यात नवरा कमी आणि बाहेर पडायचं दार जास्त बघते. मालिका तिला त्याबद्दल रागवत नाही, ते मला फार आवडलं.

---

कोरा चहा

मी जरा वेगळं बोलतो. बावीस वर्षं नोकरी, त्यातली तेरा माणसं सांभाळण्याची. निशिगंधाताई, तुमचं वाशिमीबद्दलचं पटलं, पण किंकाळीला तुम्ही फार हलकं केलंत.

ज्याला कुणी वाशिमी भेटणारच नाही त्याने काय करायचं? मी वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी ढोल वाजवायला जातो. पथकात. दोन तास हात भरून येईपर्यंत वाजवलं की सोमवारचा दिवस निभतो. त्याने माझ्या ऑफिसातलं काही बदललं नाही, खरंय. पण मी टिकलो. टिकणं म्हणजे काहीच नाही असं मी मानत नाही. मुलांची शिक्षणं त्या टिकण्यावर झाली.

दुसरं, तोनबद्दल. पहिल्या दोन-तीन भागांत तो निव्वळ राक्षस वाटतो. पण त्याच्या हातात अबॅकस येतो ते बघा. मण्यांवर बोटं अशी चालतात की हिशेब खात्याचा प्रमुख तो का झाला, ते एका दृश्यात कळतं. त्याला काम येतं. ज्या काळात तो घडला त्या काळात त्याच्याशी त्याचे साहेब असेच वागले असणार, आणि त्याला 'शिकवणं' म्हणजे हेच ठाऊक. याने त्याचं वागणं माफ होत नाही. पण अशा माणसांच्या हाताखाली मी शिकलोय, आणि त्यांच्याकडून मिळालेलं काम आजही माझ्या उपयोगी पडतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असतात.

---

निशिगंधा

कोरा चहा दादा, टिकण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. मी 'काहीच बदलत नाही' लिहिलं, त्यात मी ऑफिस धरलं होतं, माणूस धरला नव्हता. पुलाखालची ती दीड वर्षं नसती तर मी सामान बांधून परत आले असते. ते तुमच्यामुळे आज नीट शब्दांत आलं.

ढोल तुम्ही पथकात वाजवता पण, चाळीस-पन्नास जणांत. तिकडे एकट्याने गाण्याला 'हितोकारा' म्हणतात, एकट्याचं कराओके, आणि त्यासाठी एकेका माणसाच्या छोट्या खोल्या मिळतात. मी गेलेय. भिंत हाताला लागते इतकी लहान खोली. तुमच्या रविवारात आणि या खोलीत मला फरक वाटतो.

खडीसाखर, 'टेकायची जागा' वाचून पोटात कालवलं. हा शब्द मला उद्देशून एकदा वापरला होता आणि तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता. मी आभार मानले होते.

---

वडाची पारंबी

मी जपानी मालिका कधी पाहिलेली नाही, मुलगी म्हणाली म्हणून धागा वाचला. नाशिकला बँकेत नोकरी केली, आता निवृत्त. १९८६ला लागले तेव्हा शाखेत आम्ही दोघी बायका. शिपाई रजेवर असला की चहाचं कोण बघणार हा प्रश्न कुणी विचारायचंच नाही, नुसती नजर यायची आमच्या काउंटरकडे. पहिली तीन-चार वर्षं आम्ही केला चहा.

मग दुसरी जी होती ती एके दिवशी म्हणाली, आज शिपाई नाही, चला, आपण सगळे बाहेर टपरीवर जाऊ. साहेबांनाही म्हणाली, 'चला साहेब, तुम्ही पण.' इतक्या सहज म्हणाली की साहेब उठले. टपरीवर पैसे साहेबांनीच दिले. त्यानंतर शिपाई नसला की टपरी, हा शाखेचा नियमच झाला. मला ते सुचलं नसतं, सुचलं असतं तरी तोंडातून निघालं नसतं.

आता मालिका बघीन म्हणते. मराठीत आहे का?

---

खडीसाखर

पारंबीताई, मराठीत नाही. मी जपानीतूनच बघते, इंग्रजी उपशीर्षकं आहेत. भाग लहान आहेत, मुलीला शेजारी बसवून थांबत थांबत बघा. तुमच्या त्या सहकारी बाईंना नमस्कार.

---

दर्यावर्दी

या विषयावर जुनं आठवलं म्हणून लिहितो. मी आयटीतला, १९९८पासून. अमेरिकेत १९९९-२०००मध्ये 'डिल्बर्ट' या हास्यचित्रमालिकेवरून अ‍ॅनिमेटेड मालिका आली होती, यूपीएन वाहिनीवर. दोन पर्वं, तीस भाग. शीर्षकसंगीत डॅनी एल्फमनचं. वायटूकेवर, म्हणजे सन २००० लागताच संगणकांतल्या तारखा चुकतील या धास्तीवर, अख्खा भाग होता त्यात. आम्ही तेव्हा तारखांचे दोन आकडी रकाने चार आकडी करत रात्री काढत होतो, त्यामुळे तो भाग बघताना अंगावर काटा आला होता. लहान डिल्बर्टला आई डॉक्टरकडे नेते आणि डॉक्टर सांगतात की याच्यात यंत्रांची उपजत जाण आहे, हा इंजिनिअर होणार, सर्वसाधारण आयुष्य याच्या वाट्याला नाही. तो तुकडा मेलमधून इतका फिरला की मालिका न पाहिलेल्यांनाही पाठ होता.

दोन्ही मालिका पाहून सांगतो, फरक मोठा आहे. डिल्बर्टच्या जगात सगळी यंत्रणाच मूर्ख. साहेब मूर्ख, नियम मूर्ख, ग्राहक मूर्ख. शहाणा तो एकटा आणि तो कायम हरतो. बघताना आपण स्वतःला शहाण्याच्या जागी बसवतो, बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी काही करावंसं वाटत नाही. आग्रेत्सुकोत मूर्ख कुणीच नाही. काबाए, ती पाणघोडी, दिवसभर इकडच्या कुचाळक्या तिकडे करते. दुसऱ्या पर्वात तीच सगळ्यात शहाणी ठरते.

आनाईचा भाग कुणीच काढला नाही इथे. तो नवा मुलगा, रेत्सुकोच्या हाताखाली शिकायला दिलेला. साधी चूक दाखवली तरी 'हे मला लेखी द्या' म्हणणारा, प्रत्येक शब्दाची नोंद ठेवणारा, रात्री लांबच लांब ईमेल पाठवणारा. तोनसुद्धा त्याला टरकतो. मी त्याच्यावर चिडलो होतो, कारण अशी मुलं माझ्या टीममध्ये आहेत. मग काबाए त्याच्याशी मायेने बोलते आणि तो विरघळतो, तेव्हा कळलं की तो आधीपासून घाबरलेला होता. रेत्सुको घाबरली की हो म्हणते, आनाई घाबरला की लेखी मागतो.

---

कोरा चहा

दर्यावर्दी, आनाईबद्दल सहमत. एक माहिती जोडतो, कारण आमच्या कंपनीचे जपानी ग्राहक आहेत आणि हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. 'पावाहारा', म्हणजे हुद्द्याच्या जोरावर केलेला छळ, याला आळा घालण्याची व्यवस्था ठेवणं तिकडे जून २०२०पासून मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झालं, एप्रिल २०२२पासून लहान कंपन्यांनाही. जादा तासांवरही मर्यादा आली, महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६०, मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१९पासून. दुसरं पर्व जून २०१९चं आहे. म्हणजे आनाई त्या बदलत्या हवेतला मुलगा आहे. साहेबांना कायद्याची भीती वाटायला लागली होती, पण माणसाशी बोलायचं कसं ते अजून कुणी शिकवलं नव्हतं. ना साहेबांना, ना पोराला.

---

निशिगंधा

हो, आणि तासांची मर्यादा आली तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा काय झालं तर दिवे बंद झाले. साडेआठला मजल्यावरचे दिवे जायचे. काम तेवढंच होतं. लोक लॅपटॉप घेऊन खाली कॉफीच्या दुकानात बसायचे आणि ते तास कुठेच लागायचे नाहीत. बिनपगारी जादा कामाला 'साबिसु झांग्यो' म्हणतात, सेवा म्हणून दिलेले तास. आता पुष्कळ सुधारलंय, माझी सध्याची जागा तर खरोखर चांगली आहे.

मला चौथ्या पर्वाबद्दल लिहायचंच आहे, कारण हिशेबवाल्या लोकांसाठी ते सोन्यासारखं आहे आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं. कथा थोडी फुटेल, ज्यांना नको त्यांनी हा प्रतिसाद सोडावा.

कंपनीत नवे अध्यक्ष येतात, हिमुरो. खर्च कमी करायचा, आकडे चकचकीत करायचे. मोठ्या पगाराची जुनी माणसं जड होतात आणि तोनची खुर्ची जाते. त्या जागी हायदाला बढती. हायदा, जो बिचारा चार पर्वं रेत्सुकोवर झुरतो आणि स्वतःला कमी समजतो, त्याला पहिल्यांदा कुणीतरी मोठा माणूस 'तू कर्तबगार आहेस' म्हणतो. आणि मग त्याच माणसाला नफा जास्त दाखवलेला हवा असतो. हायदा दाखवतो. गुंड, पैशाचं पाकीट असं काहीही नाही. कौतुक केलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, एवढंच.

याला जपानीत 'फुन्शोकु केस्सान' म्हणतात. फुन्शोकु म्हणजे पावडर लावून नटवणं. ताळेबंदाला पावडर. हे होतं कसं ते हिशेबात बसलेल्या माणसालाच नीट कळतं. एका रात्रीत कुणी खोटा ताळेबंद लिहीत नाही. पुढच्या महिन्यातली विक्री या महिन्यात ओढली जाते, या महिन्याचा खर्च पुढे ढकलला जातो, दोन ओळी. पुढच्या महिन्यात ते खड्डे भरायला चार ओळी. प्रत्येक ओळ एकटी पाहिली तर समजावून सांगता येते.

२०१५मध्ये तोशिबाचं प्रकरण बाहेर आलं ते मी त्याच वर्षी ऑफिसात बसून वाचत होते. स्वतंत्र समितीच्या अहवालाप्रमाणे अनेक वर्षांत मिळून दीडशे अब्ज येनहून जास्त नफा फुगवलेला. अध्यक्षांना जावं लागलं. त्यात एक शब्द होता, 'चॅलेंज'. वरून आकडा यायचा आणि तो गाठणं हे चॅलेंज. अहवालात म्हटलं होतं की वरिष्ठांच्या मर्जीविरुद्ध जाता येत नाही अशी तिथली संस्कृती होती. आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी त्यावर बोललं नाही, पण सगळ्यांनी वाचलं होतं, कारण तो शब्द आमच्याकडेही वापरात होता. दोन आठवड्यांनी तो मीटिंगांमधून गुपचूप नाहीसा झाला.

तर माझा मूळ मुद्दा इथे पुन्हा येतो. रेत्सुकोचं 'हो' आणि हायदाचं 'हो' एकच आहे. तिच्या 'हो'ने चहा येतो, त्याच्या 'हो'ने ताळेबंद खोटा होतो. आणि त्यालाही बाहेर काढतात ते मित्रच, रेत्सुको आणि बाकीचे, जे त्याची पाठ सोडत नाहीत. ज्या तोनने तिला इतकं छळलं, त्याची सच्चाई या पर्वात दिसते. हिशेबाशी तो कधी खोटं वागत नाही. कोरा चहा दादा, तुमचं तोनबद्दलचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं ठरतं.

---

दर्यावर्दी

चौथं पर्व मीही मानतो. पण तिसरं आणि पाचवं मात्र मला फसलेलं वाटतं. तिसऱ्यात गाडी धडकवून कर्ज, मग त्या कर्जापायी गाणाऱ्या मुलींच्या गटाचे हिशेब, मग स्वतःच गायिका. पाचव्यात चक्क निवडणूक. ऑफिस सुटलं की मालिकेचा पाया सुटतो.

---

निशिगंधा

पाचव्याबद्दल मान्य, ते घाईत संपवलंय. तिसऱ्याबद्दल नाही. तिथे रेत्सुकोचा आवाज पहिल्यांदा हजारो लोकांसमोर जातो आणि लोकांना आवडतो. मग त्यातलाच एकजण तिच्यावर हल्ला करतो, आणि ती पुन्हा मिटते. ऐकणारं माणूस हवं, हे मी वर म्हटलं. पण ऐकणारे कोण, हेही तेवढंच महत्त्वाचं, ते या पर्वाने दाखवलं. दोघींनी कराओकेच्या खोलीत ऐकणं वेगळं आणि अनोळखी गर्दीने ऐकणं वेगळं.

---

खडीसाखर

निवडणुकीवरून आठवलं, निशिगंधा. तू राहतेस त्या तोक्योच्या एदोगावा वॉर्डात एप्रिल २०१९मध्ये आपले योगेंद्र पुराणिक वॉर्ड सभेवर निवडून आले होते ना? माझे विद्यार्थी त्यांचं फार अभिमानाने बोलतात.

---

निशिगंधा

हो, निशिकासाई भागात तेव्हा रोज सकाळी स्टेशनबाहेर उमेदवार उभे असायचे, मान लववून नमस्कार करत. मला मत नव्हतं. पण भाजीच्या दुकानातल्या जपानी आजींनी मला थांबवून विचारलं होतं, 'तुमच्या गावचे का हो?' मी हो म्हटलं.

---

ताम्हन

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदा लिहितेय. हिंजवडीत नोकरीला लागून अकरा महिने झाले. पहिलाच जॉब. परवा रात्री हा धागा पूर्ण वाचला आणि मालिका सुरू केली. चार भाग झाले.

मी रडते. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात, शेवटचा दरवाजा. तोंड धुऊन परत येते, कुणाला कळत नाही असं मला वाटायचं. पहिल्याच भागात रेत्सुको स्वच्छतागृहात जाऊन ओरडते, ते बघून मी थांबवलं आणि बराच वेळ तशीच बसले.

मला साहेबांबद्दल तक्रार करायची नाहीये, ते वाईट नाहीत. पण रात्री साडेनऊला येणाऱ्या 'छोट्याशा' कामाला नाही कसं म्हणायचं ते मला येत नाही. निशिगंधाताई, तुम्ही त्या बाईंना आधी काही सांगितलं होतं का? की त्यांचं त्यांनाच कळलं? मला कुणी मागून चालत येईल असं वाटत नाही.

---

निशिगंधा

ताम्हन, मी काही सांगितलं नव्हतं, आणि ते माझं नशीब. दीड वर्ष फुकट गेलं कारण मी वाट बघत राहिले. तू बघू नकोस. सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकीला सांग, जिच्याशी जेवताना तुझं जमतं तिला.

आणि साडेनऊच्या निरोपाला लगेच उत्तर देणं बंद कर. सकाळी नऊला लिही, 'आत्ता पाहिलं, आज दुपारपर्यंत देते.' एवढंच. माफी मागू नकोस, कारण देऊ नकोस. मी हे वाक्य जपानीत पाठ केलं होतं आणि पहिल्यांदा पाठवताना हात थरथरत होता. काही झालं नाही.

---

कोरा चहा

ताम्हन, रात्री निरोप पाठवणाऱ्यांपैकी मीही एक होतो. बऱ्याचदा डोक्यातून जाऊ नये म्हणून पाठवलेलं असायचं, समोरचा लगेच करायला बसतो हे मला ठाऊक नव्हतं. टीममधल्या एका मुलीने निशिगंधाताईंनी लिहिलं तसंच उत्तर द्यायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं. मी सकाळी पाठवायला लागलो. पाठवून बघ.

---

वडाची पारंबी

बाळा, जेवलीस का वेळेवर? आधी ते बघ. बाकी ही दोघं सांगतायत ते बरोबर आहे.

आम्ही पण चार भाग पाहिले. मला ते नावाचं लक्षात राहत नाही, पण डुक्करसाहेब हुबेहूब आमचे दुसरे शाखाधिकारी.

---

ताम्हन

नऊ दिवसांनी लिहितेय. नऊ वाजताचं उत्तर तीनदा पाठवलं. पहिल्यांदा साहेबांचं 'ठीक आहे' आलं, दुसऱ्यांदा नुसता अंगठा, तिसऱ्यांदा काहीच नाही.

आणि शेजारच्या टीममधल्या एकीला सांगितलं, कॅंटीनमध्ये, तिसऱ्या मजल्याबद्दल. ती म्हणाली, 'तो शेवटचा दरवाजा तुझा होता होय? मी बाहेर थांबलेय दोनदा. ठोठवावं की नाही कळेना.'

उद्या शनिवार. ती येतेय रूमवर. मी तिच्यासाठी पाचव्या भागाला थांबलेय.